घरच्या घरी ससेपालन: एक नर, तीन माद्यांपासून सुरुवात कशी करायची

सशाची मादी ३१ दिवसांत विते आणि एका वेताला सहा-सात पिल्लं देते. एवढ्या माहितीवर लोक कागदावर वर्षाचा हिशेब मांडतात आणि ससे घेऊन येतात. त्या हिशेबात दोन गोष्टी धरलेल्या नसतात: आपल्या सातारा-सांगलीकडचा उन्हाळा, आणि दूध तुटल्यानंतरचे पहिले चार आठवडे. बहुतेक मरतूक या दोन ठिकाणीच होते. म्हणून क्रम असा ठेवा: आधी जागा, मग चारा, मग पिल्लं कोण घेणार याची खात्री, आणि सगळ्यात शेवटी ससे. खालच्या पायऱ्या त्याच क्रमानं दिल्या आहेत. पहिली दोन वर्षं एक नर आणि तीन माद्या एवढ्यावरच थांबावं. एवढं सांभाळता आलं की वाढवायला वेळ लागत नाही.

१. आपला भाग ओळखा

महाबळेश्वरला वर्षाला ५००० मिलिमीटरच्या पुढे पाऊस पडतो, तर आटपाडी-जतकडे ५०० च्या आसपास. दोन्हीकडे ससे जगतात, पण वेगवेगळ्या कारणांनी मरतात.

माण, खटाव, आटपाडी, जत, कवठेमहांकाळ, तासगाव, मिरज या भागात शत्रू ऊन. सशाला घाम येत नाही, तो कानांतून आणि श्वासातून उष्णता बाहेर टाकतो. १० ते २५ अंश त्याला मानवतात. ३० च्या वर तो खाणं कमी करतो आणि ३५ च्या पुढे गेलं की दुपारी दगावू शकतो. आणखी एक गोष्ट बाहेरून दिसत नाही: सलग उष्म्यात नराचं बीज खराब होतं आणि ऊन ओसरल्यावरही ते सुधारायला दीड-दोन महिने लागतात. जूनमध्ये गार वारा सुटला म्हणून मादी लावली आणि गाभ राहिला नाही, तर दोष मादीचा नसतो. या भागात जुलैअखेर ते फेब्रुवारी हाच पैदाशीचा काळ धरा. शेवटचं वेत मार्चच्या पहिल्या पंधरवड्यात उरकेल असं बघा.

जावळी, पाटण, महाबळेश्वर, शिराळ्याचा पश्चिम भाग इथं शत्रू ओल. जुलै-ऑगस्टमध्ये पिल्लांना हगवण, मोठ्यांना सर्दी आणि कातडीचे रोग. तिकडे ऑक्टोबर ते मे हा काळ चांगला, पावसाळ्यात मादी रिकामी ठेवावी.

कृष्णाकाठच्या गावांत राहणाऱ्यांनी एक जास्तीची काळजी घ्यावी. २०१९ आणि २०२१ चे पूर आठवत असतीलच. पिंजरे भिंतीत पक्के करू नका, दोन माणसांना उचलून गच्चीवर किंवा टेम्पोत ठेवता येतील असे सुटे करा.

२. जागा आणि पिंजरे

दहा बाय दहा फुटांची जागा पुरते. शेडची लांबी पूर्व-पश्चिम ठेवली की दुपारचं ऊन आत कमी येतं. पत्रा असेल तर त्यावर चुना मारा आणि वर उसाच्या पाचटाचा वीतभर थर टाकून दोरीनं बांधा. आपल्याकडे पाचटाला तोटा नाही आणि एवढ्यानं आतला उकाडा जाणवण्याइतका कमी होतो. पाचट वाळलेलं असतं, तेव्हा चूल, बंब, विजेची उघडी वायर जवळ नको. पश्चिमेच्या बाजूला किलतानाचे पडदे लावायची सोय आधीच करून ठेवा.

फॅब्रिकेटरकडे जाताना ही मापं लिहून न्या:

- मादीचा पिंजरा: ३ फूट लांब, २ ते अडीच फूट रुंद, दीड फूट उंच. असे तीन.
- नराचा पिंजरा: अडीच बाय २ फूट, उंची तेवढीच. एक.
- वाढत्या पिल्लांसाठी: ४ बाय २ फुटांचे दोन.
- आजारी किंवा नवीन जनावरासाठी: एक सुटा पिंजरा, बाकीच्यांपासून लांब ठेवायचा.
- तळाची जाळी: १ इंच बाय अर्धा इंच, १४ गेज, गॅल्व्हनाइज्ड वेल्डमेश.
- बाजूची जाळी: २ बाय १ इंच चालते, पण मादीच्या पिंजऱ्याला खालचे चार इंच अर्ध्या इंचाची बारीक जाळी हवीच. नाहीतर पिल्लं त्यातून बाहेर पडतात.

तळाला अर्धा इंच जागी एक इंचाची जाळी स्वस्त पडते म्हणून बसवली, तर पिल्लांचे पाय अडकून मोडतात. कोंबड्यांची षटकोनी तारजाळी तर अजिबात नको, ती पायांना कापते. जाळीचा गुळगुळीत भाग वर येतो का ते हात फिरवून बघा. तरीही प्रत्येक पिंजऱ्यात एक फूट बाय एक फुटाची साधी फळी ठेवा. सतत तारेवर बसून मागच्या टाचांना जखमा होतात आणि त्या लवकर भरत नाहीत. फळी आठवड्याला धुऊन उन्हात टाकायची.

पिंजरे जमिनीपासून तीन फुटांवर. पाय पाण्याच्या डब्यांत उभे करा. हे ऐकायला किरकोळ वाटतं, पण मुंग्या नुकत्या जन्मलेल्या पिल्लांचा एका रात्रीत फडशा पाडतात. मांजर, मुंगूस, घूस, साप आणि भटकी कुत्री यांच्यासाठी शेडलाही खालपासून जाळी हवी. कुत्रं आत शिरलं नाही, नुसतं रात्रभर भुंकत राहिलं, तरी मादी घाबरून स्वतःची पिल्लं तुडवते.

पाण्यासाठी निपल, म्हणजे दाबलं की पाणी देणारी बारीक तोटी, बसवा. मातीचं भांडं चालतं, पण त्यात लेंड्या पडतात, तेव्हा दिवसातून दोनदा घासावं लागतं. एक ससा रोज पाव ते अर्धा लिटर पाणी पितो, पिल्लं पाजणारी मादी लिटरभर किंवा त्याहून जास्त. निपल रोज बोटानं दाबून बघा. ते तुंबलं की ससा आधी खाणं सोडतो, आणि आपण कारण चाऱ्यात शोधत बसतो.

३. चारा आणि खुराक

सशाचं पोट सुक्या, धागेदार चाऱ्यावर चालतं. वाळलेलं गवत दिवसभर समोर असावं, ते संपू देऊ नका. त्याच्या जोडीला एका मोठ्या सशाला रोज २०० ते ३०० ग्रॅम हिरवा चारा आणि १०० ते १२० ग्रॅम खुराक. पाजणाऱ्या मादीला खुराक २०० ग्रॅमपर्यंत न्यावा. पिल्लं दूध तुटल्यावर ५० ग्रॅमपासून सुरू करून ८० पर्यंत.

एक नर, तीन माद्या आणि त्यांची वाढती पिल्लं मिळून महिन्याला ३० ते ३५ किलो खुराक लागतो. तयार गोळीखाद्य घेतलं तर प्रथिनं १६ ते १८ टक्के आणि तंतू १२ टक्क्यांच्या वर आहेत का ते पोत्यावर वाचा. घरी करायचं असेल तर १० किलोसाठी: भरडलेला मका ३ किलो, गव्हाचा भुसा ३ किलो २०० ग्रॅम, शेंगदाणा पेंड १ किलो ८०० ग्रॅम, हरभरा चुणी १ किलो ७०० ग्रॅम, खनिज मिश्रण २०० ग्रॅम, मीठ १०० ग्रॅम. किंचित पाणी शिंपडून द्या, कोरडं पीठ नाकात जातं. पेंडीला बुरशीचा वास आला किंवा ढेपूळ झालेलं दिसलं तर ती टाकून द्या, उन्हात वाळवून वापरू नका. बुरशीचं विष उन्हानं जात नाही.

हिरव्यात लसूणघास, कडवळ, मका, दशरथ घास, शेवरी, हादगा, घरच्या परसातली गाजराची पानं उत्तम. सुबाभूळ थोडीच, एकूण हिरव्याच्या चौथ्या हिश्शाच्या आत. कोबी-फ्लॉवरचा पाला फुकट मिळतो म्हणून भरपूर घातला तर पोट फुगतं, आणि सशाला ओकारी काढता येत नाही. पावसात भिजलेला किंवा भाऱ्यात गरम झालेला चारा देऊ नका, कापून चार-पाच तास पसरून सुकवून मग द्या.

या गोष्टी टाळाच:

- द्राक्षबागेतलं छाटणीचं पान आणि बांधावरचं गवत. तासगाव, मिरज, कवठेमहांकाळकडे हा धोका मोठा आहे. बागेची फवारणी सतत चालू असते आणि औषध वाऱ्यानं बांधावर येतं. सशाच्या चाऱ्यासाठी दोन गुंठे वेगळे ठेवलेले बरे.
- ज्वारीचे कोवळे फुटवे. जनावरांना जशी किराळ (कोवळ्या ज्वारीची विषबाधा) लागते तशी यांनाही लागते.
- घाणेरी, कण्हेर, रुई, एरंड, धोतरा, गाजर गवत, बटाट्याचा आणि टोमॅटोचा पाला, कांदा-लसूण.
- कोंबड्यांचं खाद्य. त्यात तंतू कमी असतात आणि कोंबड्यांना रक्ती हगवण होऊ नये म्हणून घातलेली काही औषधं सशाला विषारी ठरतात.
- भाकरी, चपाती, भात, बिस्किटं.

चावायला शेवरी किंवा बाभळीची काटे काढलेली डहाळी ठेवा. सशाचे दात आयुष्यभर वाढतात, झिजले नाहीत तर वाकडे वाढून तोंड मिटेनासं होतं.

पहाटे ससा स्वतःच्या मऊ, चकचकीत लेंड्या खाताना दिसेल. तो आजार नाही. ती अर्धवट पचलेली विष्ठा असते, तिच्यातून त्याला जीवनसत्त्वं आणि प्रथिनं मिळतात. हटकू नका.

४. गिऱ्हाईक आणि कागदपत्रं

वर्षाला एक मादी आपल्या हवामानात चार वेतं देते, वेताला पाच पिल्लं हाताशी लागली तर तीन माद्यांची ६० पिल्लं होतात. ही कुठं जाणार ते पहिली मादी लावायच्या आधी ठरवा. गावात पाळायला घेणारे, दुसरे पालक, मांसासाठी घेणारे, जो मार्ग असेल तो स्वतः फिरून बघा.

"आम्ही ससे देतो, पिल्लं परत आम्हीच घेऊ, वर्षात दुप्पट" असा करार पुढे आला तर सही करू नका. २०१९ मध्ये वाळवा तालुक्यातून उघडकीला आलेल्या कडकनाथ कोंबडीच्या प्रकरणात हीच मांडणी होती, आणि कर्ज काढून पैसे भरलेले शेतकरी अडकले. बाजारभावाच्या कितीतरी पट दरानं कुणी पिल्लं परत घ्यायला तयार असेल, तर तो पैसा पुढच्या शेतकऱ्याच्या अनामतीतूनच येणार.

जवळ ठेवायचं: ससे खरेदीची पावती, ग्रामपंचायत किंवा नगरपालिकेची लागू असेल ती परवानगी, पशुवैद्यकाच्या उपचारांचे कागद. पाळीव म्हणून दुकान मांडून विक्री करायची तर २०१८ च्या पेट शॉप नियमांनुसार नोंदणी लागते. मांस विकायचं तर अन्न सुरक्षा परवान्याबद्दल जिल्ह्याच्या अन्न व औषध प्रशासन कार्यालयात आधी विचारा.

रानातला ससा पकडून पैदाशीला ठेवू नका. १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानं त्याला संरक्षण आहे. शिवाय तो वेगळ्या जातीचा प्राणी आहे, पाळीव सशाशी त्याचा संकर होत नाही.

५. ससे निवडणं आणि आणणं

आपल्याकडे न्यूझीलंड व्हाइट, सोव्हिएत चिंचिला, व्हाइट जायंट, ग्रे जायंट आणि त्यांचे संकर चालतात. लोकरीचा अंगोरा थंड हवेचा ससा आहे, त्याच्या नादी लागू नका. खात्रीची शुद्ध जनावरं केंद्रीय मेंढी व लोकर संशोधन संस्थेच्या राजस्थानातल्या अविकानगर आणि तमिळनाडूतल्या मन्नवनूर केंद्रांवर असतात. तीन-चार जनावरांसाठी तेवढं लांब जाणं परवडत नाही, म्हणून जवळच्या पालकाकडून घेताना स्वतःला पारख हवी.

चार-पाच महिन्यांची जनावरं घ्या. नाक कोरडं हवं. पुढच्या पंजांची आतली लव चिकटलेली असेल तर तो ससा सर्दी पुसतोय, सोडून द्या. कानात तपकिरी खपल्या नकोत, टाचा अखंड हव्यात, वरचे दात खालच्या दातांच्या किंचित पुढे बसलेले हवेत, शेपटीखालचा भाग स्वच्छ हवा. मादीचे सड बोटानं मोजा, आठ असावेत. नर एका ठिकाणचा आणि माद्या दुसऱ्या ठिकाणच्या घ्या. आठवडी बाजारातून एकाच टोपलीतले चार घेतले तर ती भावंडं असतात, आणि दोन-तीन पिढ्यांत पिल्लं अशक्त होत जातात.

पहाटे किंवा रात्री आणा, हवेशीर टोपलीतून. कान धरून कधीही उचलू नका. एका हातानं मानेमागची सैल कातडी, दुसऱ्या हातानं ढुंगणाखाली आधार. पाय झाडताना आधार नसेल तर सशाचा कणा मोडतो. मालकाकडून त्याचं दोन-तीन किलो खाद्य मागून घ्या आणि आठवडाभरात हळूहळू बदला. पंधरा दिवस नव्यांना वेगळं ठेवा.

६. मादी लावणं

मादी सहा महिन्यांची आणि अडीच ते तीन किलोंची झाल्याशिवाय लावू नका. सशात गाई-म्हशीसारखा ठरावीक दिवसांचा माज नसतो, समागमानंतरच बीज सुटतं. योनीचा रंग बघा: फिका पांढरट असेल तर थांबा, लालसर आणि किंचित सुजलेली असेल तर मादी तयार आहे.

मादी नराच्या पिंजऱ्यात न्यायची, नर मादीच्या पिंजऱ्यात कधीही नाही. मादी आपली जागा राखते आणि नराला ओरबाडून काढते. वेळ सकाळची किंवा सूर्यास्तानंतरची. तयार मादी शेपटी उचलते, काही सेकंदांत काम होतं आणि नर एका बाजूला कोलमडतो, कधी बारीक ओरडतो. हे डोळ्यांनी बघा. रात्रभर दोघांना एकत्र सोडलं तर तारीखही कळत नाही आणि मारामारीही होते. दहा मिनिटांत जमलं नाही तर मादी परत न्या, दुसऱ्या दिवशी पुन्हा. जमलं असेल तर सहा ते आठ तासांनी आणखी एकदा लावा, पिल्लांची संख्या वाढते. नराला आठवड्यातून दोन-तीनदाच वापरा.

शक्यतो दोन माद्या एकाच दिवशी लावा. याचं कारण पुढच्या पायरीत कळेल.

बारा ते चौदा दिवसांनी पोट चाचपलं तर द्राक्षाएवढ्या गोळ्या हाताला लागतात. जाणकाराकडून शिकल्याशिवाय हे करू नका, जोर झाला तर गाभ जातो. शंका असली तरी अठ्ठाविसाव्या दिवशी पेटी ठेवायचीच. १६-१८ व्या दिवशीच मादी लव उपटून घर करू लागली तर तो खोटा गाभ समजा, ती पुन्हा लावता येते.

७. विणं आणि पहिले तीन आठवडे

पेटी लाकडाची, १८ इंच लांब, १२ रुंद, १२ उंच. पुढच्या बाजूला सहा इंचांचा उंबरा, तळाला मूत निचरायला भोकं. आत भाताचं पिंजर किंवा मऊ वाळलेलं गवत. कापूस, चिंध्या, सुतळी घालू नका, धागा पिल्लाच्या पायाला आवळून पाय सुकतो. विण्याच्या दोन दिवस आधी खुराक थोडा कमी करा, व्याल्यावर आठवडाभरात वाढवत न्या. एकदम वाढवला तर दूध तुंबून सड दगडासारखे होतात.

मादी बहुधा रात्री विते. सकाळी हात धुऊन, आधी मादीच्या अंगावरून फिरवून मग पेटीत घाला. मेलेली पिल्लं आणि वार काढा, जिवंत मोजा. एकीला दहा आणि दुसरीला चार असतील तर तीन पिल्लं हलवा, वयात दोन दिवसांपेक्षा जास्त फरक नको. त्यासाठीच दोघी एकाच दिवशी लावायच्या. ३२ वा दिवस उलटला तर पशुवैद्यकाला फोन करा.

मादी दिवसभर पिल्लांजवळ जात नाही म्हणून घाबरून जाऊ नका. ती दिवसातून एकदा, फार तर दोनदा, तीन-चार मिनिटं पाजते. पोट बघा: गोल आणि ताणलेलं असेल तर दूध मिळतंय, सुरकुतलेलं असेल तर नाही. न पाजणाऱ्या मादीला पेटीत धरून ठेवून दोन-तीन दिवस पाजून घ्यावं, पुष्कळदा ती मार्गी लागते. मादी पिल्लं खाते ती बहुतेक वेळा तहानेनं, भीतीनं किंवा पहिल्या वेताच्या गोंधळात. त्या रात्री पाणी भरपूर ठेवा आणि शेडकडे पाहुण्यांना नेऊ नका. दोन वेतांना तेच झालं तर ती मादी पैदाशीतून काढा.

दहा ते बारा दिवसांत डोळे उघडतात. बाराव्या दिवशी चिकटलेले राहिले तर कोमट पाण्यात मीठ घालून कापसानं पुसा. एकविसाव्या दिवशी पेटी काढून घ्या, तोवर ती घाण झालेली असते आणि रोग तिथूनच सुरू होतो.

८. दूध तोडणं

पाच ते सहा आठवड्यांनी. पिल्लं हलवू नका, मादी हलवा. जागा तीच राहिली की त्यांना धक्का कमी बसतो. चार ते बारा आठवडे हा सगळ्यात नाजूक काळ. कॉक्सिडिया या आतड्यातल्या सूक्ष्म परजीवीमुळे हगवण लागते, पोट फुगतं, पिल्लू दात खातं आणि दोन दिवसांत जातं. रोज लेंड्या काढणं, कोरडा तळ, हिरवं कमी आणि वाळलेलं गवत भरपूर, हा खरा इलाज. औषध पशुवैद्यकाच्या सल्ल्यानंच, मात्रा वजनावर ठरते.

आठव्या आठवड्यात नर-मादी ओळखा: बोटानं हलकं दाबल्यावर नराचं छिद्र गोल, मादीचं उभ्या चिरेसारखं दिसतं. दहा-बारा आठवड्यांच्या आत वेगळे करा. मोठे होणारे नर एकमेकांचे वृषण फाडतात. बारा आठवड्यांना साधारण दीड ते दोन किलो वजन यावं. मादी पुन्हा लावायची ती दूध तुटल्यावर.

९. औषधांबाबत

घरातली माणसांची प्रतिजैविकं सशाला देऊ नका. अमॉक्सिसिलिन, अँपिसिलिन यांसारखी तोंडावाटे दिली तर आतड्यातले उपयोगी जंतू मरतात आणि पाठोपाठ ससा मरतो. कुत्र्यांच्या गोचिडांसाठीचं फिप्रोनिल तर थेंबभरही नको. कानातल्या खरजेवर पशुवैद्यक आयव्हरमेक्टिनचं इंजेक्शन देतात. खपल्या ओढून काढू नका, आत जखम होते. अंगावर गोल चट्टे आले तर हातमोजे वापरा, ते माणसालाही लागतं. तालुक्याच्या दवाखान्यात निदान झालं नाही तर शिरवळचं क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यकीय महाविद्यालय आपल्याच जिल्ह्यांच्या वाटेवर आहे. मेलेलं पिल्लू शवविच्छेदनासाठी तिथं न्यायचं तर बर्फाच्या डब्यातून, त्याच दिवशी.

एप्रिल-मेमध्ये दुपारी बारा ते चार किलतान ओलं ठेवा, पाण्याच्या बाटल्या गोठवून पिंजऱ्यात आडव्या ठेवा, खुराक रात्री द्या. ससा तोंड उघडून धापा टाकू लागला तर ओल्या फडक्यानं कान पुसत राहा आणि सावलीत हलवा. अंगावर गार पाण्याची बादली ओतली तर धक्क्यानं जातो.

प्रत्येक पिंजऱ्याला एक पुठ्ठा टांगा: लावल्याची तारीख, कोणता नर, पेटी ठेवायचा दिवस, किती जन्मली, किती एकविसाव्या दिवशी होती, किती दूध तुटताना. तीन वेतांचे आकडे हाती आले की कोणत्या मादीच्या पिल्ली पुढच्या पैदाशीला राखायच्या ते त्या पुठ्ठ्यावर दिसतं. नर मात्र बाहेरून आणायचा, दीड-दोन वर्षांनी बदलायचा.